मृत्युलेखातला ‘पण’

प्रश्न : सर, कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मी अमेरिकेचे दिवंगत सिनेटर आणि व्हिएतनाम युद्धातले वैमानिक जॉन मॅकेन यांच्यावर लेख लिहायला घेतलाय. माझे आजोबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, ज्यानं साडेपाच वर्षं शत्रूच्या तुरुंगात काढली त्याच्या राजकारणाला नावं ठेवायचा आपल्याला अधिकार नाही. वर्गातला मित्र म्हणतो, “हनोईवर बॉम्ब टाकणारा कसला हीरो बे?” दोघांचं ऐकून लेख पहिल्याच परिच्छेदात अडकलाय. गेलेल्या नेत्याची युद्धातली कामगिरी आणि त्याचं राजकारण एका तागडीत कसं तोलायचं?

उत्तर :

तागडी आधी खाली ठेव. मग बोलू.

सोलापुरात वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी तीस वर्षं गेली. मृत्युलेख हे काम माझ्याच वाट्याला का आलं, ते मलाही सांगता येणार नाही. कुणी मोठा माणूस आयसीयूत गेला की वृत्तसंपादक टेबलाजवळ येऊन हळूच म्हणायचे, “तेवढी कॉपी करून ठेवा.” जिवंत माणसाला ‘कै.’ करून ठेवायला सुरुवातीला हात धजायचा नाही. पुढं सवय झाली. कात्रणांची फाइल काढायची, तारखा तपासायच्या, वयाची जागा मोकळी सोडायची.

मॅकेन यांची कॉपी अशीच तयार होती, कारण मेंदूच्या कर्करोगाची बातमी २०१७च्या जुलैतच आली होती. ते गेले २५ ऑगस्ट २०१८ला. ॲरिझोनात शनिवारची दुपार होती, आपल्याकडं रविवार उजाडत होता. सोमवारच्या अंकात परदेशच्या पानावर तीन कॉलम लागले. मंगळवारी दुपारी एक निवृत्त सुभेदार ते कात्रण चार घड्या करून खिशात घालून कार्यालयात आले. खुर्चीच्या कडेवर ताठ बसले, चहा नको म्हणाले, कात्रण टेबलावर पसरलं. एका ओळीखाली लाल रिफिलनं रेघ मारलेली होती : ‘हनोईवर त्यांचे विमान पाडले गेले आणि ते युद्धनायक ठरले.’

“साहेब, विमान पडण्यात कसलं शौर्य आलं? ते कुणाचंबी पडतं,” सुभेदार म्हणाले. “त्याला घरी जा म्हणले होते, तो गेला नाही. ते कुठाय ह्यात?”

नव्हतं. कॉपीत होतं, पानावर नव्हतं. ऐनवेळी जाहिरात आली म्हणून पाच ओळी कापल्या होत्या आणि कापणारा मीच होतो.

त्या पाच ओळींत होतं ते असं. २६ ऑक्टोबर १९६७ ही मॅकेन यांची तेविसावी बॉम्बफेकीची फेरी. लक्ष्य होतं उत्तर व्हिएतनामच्या राजधानीतलं, हनोईतलं वीजकेंद्र. क्षेपणास्त्रानं पंख उडाला, विमानातून बाहेर पडताना दोन्ही हात आणि एक पाय मोडला, आणि ते पडले शहरातल्याच ट्रुक बाक तळ्यात. पुढच्या वर्षी, १९६८च्या जुलैत, त्यांचे वडील पॅसिफिकमधल्या सगळ्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख झाले. त्याच सुमाराला तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी पोराला सांगितलं, तुला सोडतो. ॲडमिरलच्या मुलाला आधी सोडलं असतं तर जगाला व्हिएतनामींची दया दिसली असती आणि कोठडीतल्या बाकीच्यांना वशिला दिसला असता. कैद्यांचा आपसातला नेम होता, आधी पकडला गेला तो आधी सुटेल. मॅकेन नाही म्हणाले. त्याबद्दल मार खाल्ला. सुटले १४ मार्च १९७३ला.

सुभेदारांनी मला त्या दिवशी जे शिकवलं ते तीस वर्षांत कुणा संपादकानं शिकवलं नव्हतं. कामगिरीतून माणसावर जे ओढवलं ते बाजूला काढायचं आणि त्यानं जे पत्करलं ते शोधायचं. गोळी लागणं, पकडलं जाणं, जखमी होणं हे ओढवलेलं असतं. त्याबद्दल हळहळ वाटावी, आदर मात्र पत्करलेल्या गोष्टीचा. सिल्व्हर स्टार मिळालं एवढं टाइप केलं की उपसंपादकाला सुटल्यासारखं वाटतं. वाचकाला पदकाच्या नावातून काहीच दिसत नाही. उघडलेलं दार आणि त्यातून न गेलेला माणूस, हे दिसतं.

कामगिरीची एक वही धर आणि राजकारणाची दुसरी. कामगिरीच्या वहीत लगेच पुढचं पान आहे, आणि श्रद्धांजली लिहिणारे ते हटकून गाळतात. नकारानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १९६८मध्ये, सलग छळ झाल्यावर मॅकेन यांनी आपण युद्धगुन्हेगार असल्याच्या कबुलीवर सही केली. त्यांनी हे कधी लपवलं नाही. सोसण्याची प्रत्येकाची हद्द असते आणि माझी तिथं संपली, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत राहिले. तू हे लिही. मला तरी त्या सहीमुळंच आधीचा नकार खरा वाटतो.

आता तुझा मित्र. त्याला उडवून लावू नकोस. वीजकेंद्र शहरात होतं, भोवती माणसं राहत होती. युद्ध योग्य होतं की नाही हे वैमानिकानं तुरुंगात किती सोसलं यावरून ठरत नाही, आणि युद्ध चुकीचं होतं म्हणून त्यानं सुटका नाकारली ती खोटी पडत नाही. मी माझ्यापुरता एक मार्ग काढला होता. युद्धाबद्दल एक वाक्य असं लिहायचं ज्यात त्या माणसाचं नावच नाही : ‘अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर वर्षानुवर्षे बॉम्बफेक केली, तीत मोठ्या संख्येने नागरिक मारले गेले.’ पूर्णविराम. मग माणसाकडं वळायचं. ट्रुक बाकच्या काठावर एक दगडी शिल्प आहे, हात वर केलेल्या वैमानिकाचं. विमान पाडल्याची फुशारकी म्हणून उभारलेलं. मॅकेन गेल्याची बातमी पोचल्यावर लोकांनी त्याच शिल्पाशी फुलं आणून ठेवली. १९६७मध्ये त्यांना पाण्यातून ओढून काढणारा हनोईचाच रहिवासी होता, आणि काठावर आणल्यावर संगीन खुपसणारे हनोईचेच होते. तुझ्या लेखात मित्राला जागा द्यायची असेल तर ती इथं, तळ्याच्या काठावर दे.

राजकारणाची वही उघडताना गळा दाटून येण्याचं कारण नाही. तिथं सगळं छापील आहे. रिपब्लिकन पक्षाकडून १९८३पासून अमेरिकी संसदेचं प्रतिनिधीगृह, १९८७पासून मरेपर्यंत वरिष्ठ सभागृह सिनेट. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं राष्ट्रीय सुट्टी द्यायला १९८३मध्ये विरोधात मत. २००८मध्ये मेम्फिसला जाऊन, तेव्हा माझं चुकलं, अशी जाहीर कबुली. ज्याच्याकडून निवडणुकीला देणग्या घेतल्या त्या चार्ल्स कीटिंग नावाच्या बचतसंस्थावाल्यासाठी सरकारी तपासनीसांबरोबरच्या बैठकीला बसले. सिनेटच्या नैतिकता समितीनं १९९१मध्ये ‘तारतम्य चुकलं’ एवढा ठपका ठेवला. २००२मध्ये निवडणूक निधीला चाप लावणारा कायदा, विरोधी पक्षाच्या फाइनगोल्ड यांच्याबरोबर. इराकच्या युद्धाला पाठिंबा, २००७मध्ये आणखी फौज पाठवण्याचा आग्रह, आणि शेवटच्या वर्षी ते युद्ध चूक होतं, त्यात माझाही दोष आहे, असं लेखी. २००८मध्ये स्वतः अध्यक्षपदाचे उमेदवार असताना उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांची निवड. २८ जुलै २०१७ला मध्यरात्रीनंतर, ओबामांच्या काळातला आरोग्यविमा कायदा मोडण्याच्या मतदानात स्वतःच्या पक्षाविरुद्ध खाली केलेला अंगठा. यातलं काय घ्यायचं ते तू ठरव, फक्त भाषणांपेक्षा मतदान घे. भाषण माणूस लिहून घेतो, मत स्वतः देतो.

खरा लेख या दोन वह्यांच्या मधे आहे. जिथं तुरुंगातला माणूस सभागृहात येऊन बोलला आणि जिथं बोलायला हवं होतं तिथं गप्प बसला, त्या जागा शोध. मला तीन दिसतात.

१९८२मध्ये ते ॲरिझोनातून पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा लोक म्हणू लागले, हा उपरा. नाविक दलातल्या घरातला पोरगा, ठिकठिकाणी बदल्या, घर म्हणावं असं गाव नाही. त्यांनी उत्तर दिलं की नीट विचार केला तर आयुष्यात मी सगळ्यात जास्त काळ राहिलो ते गाव हनोई. झालं, उपरेपणाचा मुद्दा तिथंच बसला. उत्तर खरं होतं, लाजवाब होतं, आणि कोठडी मतपेटीत वटवलेली होती. मी यात पाप बघत नाही. वटवली हे मात्र लिहीन.

१९९५मध्ये व्हिएतनामशी राजनैतिक संबंध पुन्हा जोडायची वेळ आली. अध्यक्ष क्लिंटन; त्यांनी स्वतः त्या युद्धावर जाणं टाळलेलं, त्यामुळं त्यांच्या तोंडून ही गोष्ट लोकांना पचणं कठीण. तेव्हा पुढं झाले दोघं सिनेटर, दोघंही त्या युद्धात लढलेले. जॉन केरी, जे परत येऊन युद्धाविरुद्ध बोलले, आणि मॅकेन, ज्यांना त्या देशानं मोडलं होतं. इथं कामगिरी स्वतःसाठी वटवली गेली नाही, दुसऱ्यासाठी खर्ची पडली. आणि हेच मॅकेन २०००च्या प्रचारात आपल्याला कैद करणाऱ्यांसाठी आशियाई माणसाला झोंबेल अशी शिवी वापरत होते. दोन्ही लिही, शेजारी शेजारी.

तिसरी जागा छळाची. २००५मध्ये अमेरिकेच्या ताब्यातल्या कैद्यांना क्रूर वागणूक देण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती त्यांनी आणली. अध्यक्ष त्यांच्याच पक्षाचा, त्याचा विरोध. सिनेटमध्ये ९० विरुद्ध ९ मतांनी ती मंजूर झाली. खांद्याच्या वर हात न जाणारा माणूस हे मांडत होता, तिथं वादाला जागाच राहिली नाही. मग फेब्रुवारी २००८, अध्यक्षपदाची उमेदवारी जवळजवळ हातात. सीआयएनंही लष्कराच्या चौकशीच्या नियमांतच राहावं असं विधेयक आलं, आणि मॅकेन यांनी विरोधात मत दिलं. कारण सांगितलं की क्रूर वागणुकीला कायद्यानं बंदी आहेच, गुप्तहेर खात्याला लष्कराच्या पुस्तिकेत बांधायची गरज नाही. ते कारण लेखात घाल, ते त्यांचं आहे. मला विचारशील तर त्यांच्या सगळ्या राजकारणातलं मला सर्वांत जड वाटलेलं मत हे. इराकपेक्षाही. इराकमध्ये काय होईल ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोठडीत काय होतं ते ठाऊक होतं.

बघ, यात वजाबाकी कुठंच नाही. नकार अधिक, कीटिंग उणे, बाकी अमुक, असं काही निघत नाही. आपल्याकडं पुण्याई म्हणतो ना, ती साठवलेली असते आणि पुढं पापाच्या खात्यातून वळती होते, हा हिशोब मृत्युलेखात नकळत घुसतो. तो घुसतो एका शब्दातून. माझ्या कॉपीचं पहिलं वाक्य होतं : ‘व्हिएतनामच्या तुरुंगात साडेपाच वर्षे काढलेला शूर वैमानिक, पण इराक युद्धाचा कट्टर समर्थक.’ आता हेच फिरवून बघ : ‘इराक युद्धाचा कट्टर समर्थक, पण व्हिएतनामच्या तुरुंगात साडेपाच वर्षे काढलेला शूर वैमानिक.’ माहिती तीच, न्याय उलटा. मराठीत ‘पण’च्या पुढं जे येतं ते जिंकतं. निवाडा द्यायचा तर उघड द्यावा, अव्ययाच्या आडून देऊ नये. नंतर मी डेस्कवरच्या पोरांना सांगायचो, मृत्युलेखातले सगळे ‘पण’ खोडा, तिथं पूर्णविराम द्या आणि वाक्य उभं राहतं का बघा. तुला हे उत्तर लिहिताना मीही तेच पथ्य पाळायचा प्रयत्न केलाय.

उलटा हिशोबही चालतो. २००४मध्ये केरी अध्यक्षपदाला उभे राहिले तर त्यांच्या युद्धातल्या पदकांवरच चिखल उडवणाऱ्या जाहिराती निघाल्या. दुसऱ्या पक्षात असून मॅकेन यांनी त्या अप्रामाणिक आहेत असं सांगितलं. २०१५मध्ये ट्रम्प खुद्द मॅकेन यांच्याबद्दल बोलले की पकडले न गेलेले लोक मला आवडतात. राजकारण पटत नाही म्हणून तळ्यातला माणूसच नाकारायचा. तुझ्या आजोबांचं म्हणणं आणि हे, एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. आजोबांना हे जरा बेतानं सांग.

या बाबतीतलं सगळ्यात अवघड प्रेत फ्रान्सचं आहे, आणि ‘प्रेत’ मी अक्षरशः म्हणतोय. मार्शल पेतां. पहिल्या महायुद्धात, १९१६ला, व्हर्दनच्या लढाईत जर्मनांना थोपवलेला सेनापती. १९४०मध्ये फ्रान्स कोसळला तेव्हा वय ८४. शरणागती पत्करून, विशी या गावातून जर्मनांच्या कलानं चाललेल्या ‘विशी’ सरकारचे प्रमुख झाले. ३ ऑक्टोबर १९४०चा ज्यूविरोधी कायदा त्यांच्या सरकारचा. जुलै १९४२मध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यूंना पकडलं ते फ्रेंच पोलिसांनी. १५ ऑगस्ट १९४५ला कोर्टानं मृत्युदंड दिला, तेव्हाचे सरकारप्रमुख द गॉल यांनी तो जन्मठेपेवर आणला. १९५१मध्ये इल द्यू बेटावर मेले, तिथंच पुरले. व्हर्दनच्या सैनिकांशेजारी पुरा, ही इच्छा कुणी मानली नाही. तर १९७३च्या फेब्रुवारीत काही भक्तांनी रात्री थडगं उकरून शवपेटी पळवली, व्हर्दनला नेऊन पुरायला! पोलिसांनी काही दिवसांत ती शोधून पुन्हा बेटावर आणली. वर्दीतला मार्शल आणि विशी सरकारातला म्हातारा वेगवेगळ्या जागी पुरता येईल असं त्या लोकांना वाटत होतं. मॅकेन गेले त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, अध्यक्ष मॅक्राँ पहिल्या महायुद्धातल्या पेतांना थोर सैनिक म्हणून गेले आणि वादळ उठलं. वाक्य खोटं नव्हतं. ते एकटं सोडलं, हे चुकलं. १९४०मध्ये घाबरलेल्या लोकांनी त्या म्हाताऱ्यावर विश्वास टाकला तो व्हर्दनमुळं. पहिल्या वहीची पत दाखवून दुसऱ्या वहीत कर्ज उचललं होतं. म्हणून तिथं दोन्ही एकत्रच वाचावी लागतात.

इतकं लांब कशाला, सांगलीला ये. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाले, खांद्यात गोळी लागली. पुढं साखर कारखाना, मुख्यमंत्रिपद, आणि १९८३मध्ये विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी. आज घराघरात इंजिनिअर आहेत ते त्यामुळं म्हणणारे भेटतात, शिक्षणाचा बाजार त्यामुळं झाला म्हणणारेही भेटतात. खांद्यातली गोळी त्या वादात कुणाच्याच बाजूनं साक्ष देत नाही. दादांवरचे कितीतरी लेख मी वाचले, बहुतेकांत गोळीवर दोन परिच्छेद आणि त्या निर्णयावर एक ओळ.

आपल्या सोलापूरला हे जास्त जड जातं, कारण आपली दैवतं लवकर गेलेली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन हे चौघं १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेले. भैय्या चौकातल्या घरातले द्वारकानाथ कोटणीस चीनच्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत ९ डिसेंबर १९४२ला वारले, वय ३२. त्यांची दुसरी वही उघडलीच नाही. कुणाला तिकीट दिलं, कुठल्या गिरणीच्या संपात कुणाची बाजू घेतली, असले प्रश्न त्यांना कधी पडले नाहीत. ८१ वर्षं जगलेल्या माणसाला त्यांच्या मापानं मोजलं की तो खुजा दिसणारच.

एक माझी चूक सांगतो, कारण तू ती करशील. नव्वदच्या दशकात जिल्ह्यातले एक पुढारी वारले. १३ सप्टेंबर १९४८ला फौज याच शहरातून नळदुर्गच्या रस्त्यानं हैदराबादकडं निघाली होती, त्याआधी सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. त्यामुळं मुक्तिसंग्राम म्हटलं की आमच्याकडं कुणी पुरावा मागत नाही. घरच्यांनी दिलेल्या कागदावर होतं, ‘सरहद्दीवरच्या कॅम्पात सशस्त्र लढा’. मी त्याची चौकट केली. तिसऱ्या दिवशी बार्शीकडून एसटीनं एक म्हातारे आले. “मी होतो त्या कॅम्पात. हे नव्हते. हे तवा पुण्यात शिकत होते.” पुढाऱ्यांचाच जुना गौरवांक काढला, त्यात कॉलेजची वर्षं छापलेली होती, तीच. त्यांनी हयातीत असा दावा कधी केलाच नव्हता, मेल्यावर घरच्यांनी चिकटवला. वाईट याचं वाटलं की ७२च्या दुष्काळात या माणसानं खडी फोडायच्या कामावर स्वतः उभं राहून हजेरीपटातली चोरी धरली होती, आणि ती गोष्ट माझ्या लेखात नव्हती. चौकटीनं जागा खाल्ली होती. तेव्हा लष्करी नोंद, पकडल्याची तारीख, सुटल्याची तारीख, आणि ज्याला त्या माणसाशी काही देणंघेणं नाही असा एक साक्षीदार, एवढं झाल्याशिवाय शौर्याचं वाक्य लिहू नकोस. मॅकेन यांच्याबाबत हे सोपं आहे, सोबतच्या कैद्यांनीच सांगून ठेवलंय.

‘मरणान्तानि वैराणि’ कुणीतरी तुला ऐकवेलच. रामानं ते विभीषणाला सांगितलं, अंत्यसंस्कार कर म्हणून. रावणानं काय केलं ते विसर, असं नाही सांगितलं. पहिल्या दिवशीच्या बातमीत मी सूर खाली ठेवतो, नोंदी कमी करत नाही. तुझ्या अंकाला तर घाईच नाही, माणूस जाऊन वर्षं झाली.

लेख झाला की आजोबांना वाचून दाखव आणि विचार, मॅकेन इथं उभे असते तर मत दिलं असतं का. सुभेदारांना मी विचारलं होतं. ते थोडा वेळ कात्रणाकडं बघत राहिले. “इराकला पोरं धाडायला हाच म्होरं होता नव्हं?” म्हणाले. मग कात्रणाच्या पुन्हा चार घड्या केल्या, खिशात घातल्या, आणि जाताना दुरुस्ती कधी छापताय ते विचारलं. बुधवारी छापली, पाच ओळींची.